पाळी गेल्यावर चरबी पोटावरच का चढते? हार्मोन्स, मेदपेशी आणि रिसेप्टर

शाल्मली_शहापूर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बेळगावात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. शहापूर-वडगावकडच्या बायका अजूनही काही अडलं की विचारायला येतात. पन्नाशीच्या आसपासच्या प्रत्येकीचा एक प्रश्न ठरलेला असतो: "बाई, जेवण तेच, काम तेच, मग हे पोट कुठनं आलं?" यातल्या कितीतरी जणी दिवसभर मागाच्या कांड्या भरतात, घरचं सगळं करतात, आणि वर "खाणं आवर" हेही ऐकून घेतात. मला याचा फार त्रास होतो. चरबी किती साठणार हे बरंचसं खाण्यावर आणि हालचालीवर ठरतं, मान्य. पण ती अंगात कुठे साठणार, यात लैंगिक हार्मोन्सचा मोठा हात असतो आणि तो कोणाच्या इच्छेवर चालत नाही. हे कोणीतरी नीट सांगायला हवं, म्हणून हा धागा.

सुरुवात पेशीपासून करू. मेदपेशी आयती जन्माला येत नाही. हाड, कूर्चा, स्नायू आणि चरबी या सगळ्यांच्या पेशी एकाच घराण्यातल्या मूळ पेशींपासून तयार होतात. त्यातली एखादी मेदपेशीच्या वाटेला लागली की पीपीएआर-गॅमा नावाचं प्रथिन पुढचा कारभार हाती घेतं. ते जनुकं चालू-बंद करत जातं आणि पेशीत तेलाचा थेंब भरू लागतो. या प्रथिनाचं हे काम 1994 मध्ये उघड झालं. मोठेपणी मेदपेशींची संख्या साधारण स्थिर राहते, पण पेशी त्याच राहत नाहीत. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेने 2008 मध्ये दाखवलं की दर वर्षी सुमारे 10 टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. पेशींचं वय कशावरून काढलं, तर अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-14 वरून! म्हणजे नवी पेशी कुठे उगवायची याचा निर्णय शरीर आयुष्यभर घेत असतं, आणि हार्मोन्सला त्यात बोलायला जागा मिळते ती इथेच.

टेस्टोस्टेरॉन हे मुख्य पुरुषी हार्मोन मूळ पेशीला चरबीच्या वाटेवरून वळवून स्नायूच्या वाटेला लावतं. 2003 मध्ये उंदराच्या मूळ पेशींवर हे प्रयोगशाळेत दिसलं. पुरुषी हार्मोन्सना अँड्रोजेन म्हणतात, आणि हार्मोन पेशीतल्या ज्या प्रथिनावर बसून काम करतं तो त्याचा रिसेप्टर. अँड्रोजेन रिसेप्टर अडवणारं औषध घातलं की हा परिणाम थांबत होता, म्हणजे काम त्या रिसेप्टरमधूनच चालतं. इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनचे मुख्य रिसेप्टर दोन, अल्फा आणि बीटा. अल्फा नसलेले उंदीर 2000 मध्ये अभ्यासले गेले तेव्हा नर-मादी दोघांच्याही अंगावर पांढरी चरबी वाढलेली आढळली. पेशी आकाराने मोठ्या झाल्या होत्या आणि संख्येनेही वाढल्या होत्या. इस्ट्रोजेन म्हणजे चरबी वाढवणारं हार्मोन, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. या प्रयोगात चित्र उलटं दिसतं.

आता सगळ्यात रंजक भाग. लैंगिक हार्मोन्सचे रिसेप्टर प्रामुख्याने पेशीच्या आत असतात, पण मेदपेशीच्या पृष्ठभागावर ॲड्रेनलिनचे रिसेप्टर असतात, आणि त्यातही दोन तऱ्हा आहेत. बीटा रिसेप्टरवर ॲड्रेनलिन बसलं की साठलेली चरबी फुटून रक्तात उतरते. अल्फा-2 वर बसलं की तेच काम मंदावतं. (नावं सारखी असली तरी हे इस्ट्रोजेनचे अल्फा-बीटा नव्हेत.) हिडकल धरणाचे दरवाजे डोळ्यांपुढे आणा: पाणी तेच, दरवाजे उघडणारे हात किती आणि लावून घेणारे किती, यावर खाली किती सुटणार ते ठरतं. बायकांच्या मांड्या-नितंबांवरच्या चरबीत अल्फा-2 चं प्रमाण जास्त असतं. 2004 मध्ये दिसून आलं की इस्ट्रोजेन त्वचेखालच्या चरबीत अल्फा-2 रिसेप्टर वाढवतं, पण पोटाच्या आत आतड्यांभोवती असलेल्या चरबीत वाढवत नाही. म्हणून तरुण बाईची चरबी मांड्यांवर टिकून राहते आणि पोटाच्या आत फारशी साचत नाही.

त्यात वाईट काही नाही. ती बाळंतपणासाठीची शिल्लक आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या मांडीची चरबी एरवीपेक्षा सहज सुटते, हे 1985 मध्येच मोजलं गेलं आहे. आपल्या आज्या ओल्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू का चारत, ते मला यात दिसतं.

पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन घसरतं आणि हा बंदोबस्त ढिला पडतो. एकूण वजन फार बदलत नाही, पण चरबीचा मुक्काम मांड्यांवरून पोटात हलतो. अमेरिकेत बायकांच्या एका मोठ्या गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यात शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधीपासून अंगातली चरबी वेगाने वाढताना आणि स्नायू घटताना दिसले. भारतात पाळी सरासरी 46-47 च्या आसपास जाते, म्हणजे आपल्याकडे हा बदल पंचेचाळिशीतच सुरू होतो. धाकटी जाऊबाई सडपातळ आणि आपण सुटलो, असं वाटून कष्टी होणाऱ्या बाईने हे आधी वाचावं.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देते.

निपाणीकर_तात्या

बाई, लई चांगलं लिवलंय. पण माझी शंका अशी हाय बगा. टेस्टोस्टेरॉन चरबी वाढू देत न्हाई म्हणता, मग गड्यांचीच पोटं का म्होरं येत्यात? आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवसभर गादीवर बसणारे शेटजी बगा, हातपाय काटक आणि पोट तेवढं गोल.

शाल्मली_शहापूर

तात्या, प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. पुरुषाला मांड्यांवर चरबी धरून ठेवणारं इस्ट्रोजेनचं संरक्षण बाईइतकं नसतं, म्हणून जास्तीची चरबी पोटाकडे जाते. 1947 मध्ये मार्सेच्या जाँ वाग या फ्रेंच डॉक्टरांनी ही दोन रूपं वेगळी मांडली, पुरुषी आणि बायकी. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार पुरुषी रूपाच्या मागे लागतात, हेही त्यांनीच सांगितलं. त्या काळी लोक नुसतं वजन बघत.

टेस्टोस्टेरॉन पुरेसं असेल तोवर ते पोटातली चरबी आवरून धरतं. पण पोट वाढलं की एक दुष्टचक्र सुरू होतं. इन्सुलिन वाढतं, टेस्टोस्टेरॉन रक्तात वाहून नेणारं प्रथिन कमी होतं आणि रक्तातलं टेस्टोस्टेरॉन घटतं. ते घटलं की पोट आणखी वाढतं. वजन उतरवलं तर टेस्टोस्टेरॉन बऱ्याच अंशी परत वर येतं, एवढी आशा आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मेदपेशीत ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. पाळी गेल्यावर बाईच्या अंगात जे थोडंफार इस्ट्रोजेन बनतं, ते मुख्यतः चरबीतच बनतं. पुरुषालाही या इस्ट्रोजेनची गरज असते. 2013 चा एक अमेरिकी प्रयोग मला फार आवडतो. निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद केलं आणि वरून वेगवेगळ्या मात्रेत जेल दिलं. एका गटाला शिवाय ॲरोमाटेज अडवणारं औषध दिलं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आहे पण इस्ट्रोजेन बनत नाही. 16 आठवड्यांनी काय दिसलं? स्नायू आणि ताकद घटली ती टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेने, आणि चरबी वाढली ती प्रामुख्याने इस्ट्रोजेनच्या कमतरतेने. पुरुषांमध्ये!

निपाणीकर_तात्या

हे नवीनच ऐकलं. वखारीत सांगतो.

रोखठोक

धागा माहितीपूर्ण आहे, पण माझं मत वेगळं आहे. तीन वेळचा भात, लग्नसराईत कुंदा, चालणं बंद, गल्लीच्या टोकाला जायचं तरी स्कूटी. हे सोडून हार्मोनला दोष दिला की माणसं हातपाय गाळतात. जास्त ऊर्जा पोटात गेली तरच चरबी बनते, यात रिसेप्टर काय करणार?

शाल्मली_शहापूर

जास्त ऊर्जेशिवाय चरबी बनत नाही, यावर आपलं एकमत आहे. पण तीच जास्तीची ऊर्जा दोन शरीरांत वेगळी वागते. अमेरिकेत काही स्त्री-पुरुषांना 8 आठवडे मुद्दाम जास्त खाऊ घातलं आणि आधी-नंतर चरबीचे नमुने तपासले (2010). पोटाच्या त्वचेखाली जुन्याच पेशी फुगल्या. मांड्यांमध्ये नव्या पेशी तयार झाल्या. फुगलेली पेशी जास्त त्रासदायक, ती इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग 2016 मध्ये येलच्या संशोधकांनी उंदरांत बघितलं: चरबीयुक्त खाणं दिल्यावर नराच्या फक्त पोटातल्या चरबीत नव्या पेशींची तयारी सुरू होते, मादीच्या त्वचेखालीही होते. नराला इस्ट्रोजेन दिल्यावर त्याच्याही त्वचेखाली ती सुरू झाली. खाणं तेच ठेवून हार्मोन बदललं आणि नव्या पेशींची जागा बदलली, तर रिसेप्टर काय करतात याचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

माणसांतही असा दाखला आहे. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी ट्रान्सजेंडर व्यक्तींना हार्मोन सुरू करण्याआधी आणि नंतर स्कॅन करून बघितलं. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांच्या त्वचेखालची चरबी वाढली, मांड्या-नितंबांवरसुद्धा. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांची मांडीवरची चरबी उतरली आणि पुढे पोटाच्या आतली वाढली.

आणि हातपाय गाळण्याबद्दल म्हणाल, तर माझा अनुभव अगदी उलट आहे. बाईला कारण कळलं की ती चालायला लागते. नुसतं हिणवलं की ती जेवण टाकते, चहा-खारीवर दिवस काढते आणि त्यात उरलेसुरले स्नायूही गमावते.

रोखठोक

शेवटचा परिच्छेद पटला. आईच्या बाबतीत हेच झालेलं आहे. चहा-खारी बंद करायला लावतो.

खानापूरची_लेक

ताई, मुलगी 19 वर्षांची आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस, आणि चरबी सगळी कमरेवर. डॉक्टर पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोन्सचा विकार) म्हणाले, टेस्टोस्टेरॉन जास्त आहे असं रिपोर्टात आलंय. तुम्ही लिहिता की टेस्टोस्टेरॉन पोट कमी ठेवतं. मग हिचं असं का?

डॉ_मलप्रभा

मी फिजिशियन आहे, हे मी सांगतो. पुरुषात टेस्टोस्टेरॉन कमी झालं की पोट वाढतं आणि बाईत जास्त झालं की पोट वाढतं, दोन्ही खरं. बाईच्या शरीरात त्याचं प्रमाण मुळात फार कमी असतं आणि चरबीची मांडणी इस्ट्रोजेनच्या जोरावर झालेली असते. त्यात अँड्रोजेन वाढलं की मांडणी पुरुषी वळणावर जाते. सोबत इन्सुलिनला दाद न देणं येतं. रक्तातलं वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला आणखी अँड्रोजेन बनवायला लावतं. म्हणून पीसीओएसमध्ये थोडं वजन उतरलं, अगदी 5 ते 10 टक्के, तरी पुष्कळ मुलींची पाळी सुधारते. मुलीची शुगर आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासून घ्या, आणि थायरॉइड राहिलं असेल तर तेही. तिच्यासमोर पाहुण्यांना वजनाची चर्चा करू देऊ नका. हे मी प्रत्येक आईला सांगतो.

खानापूरची_लेक

पाहुण्यांचं अगदी बरोबर बोललात सर. परवाच सत्यनारायणाला झालं तसं. आभारी आहे.

तालीम_ते_जिम

मी कुस्ती करायचो, आता जिमला जातो. आमच्याकडे एकजण टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देतो. "चरबी जळते, स्नायू येतात" म्हणतो. वरच्या माहितीवरून तो बरोबरच म्हणतोय असं वाटतंय. घ्यावं का?

डॉ_मलप्रभा

घेऊ नका. तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी आहे हे सकाळच्या रक्ततपासणीत दोनदा सिद्ध झालेलं नाही, तोवर त्या इंजेक्शनला काही अर्थ नाही. बाहेरून आलं की मेंदू अंडकोषांना काम थांबवायचा निरोप देतो. शुक्राणू घटतात, कधीकधी शून्यावर येतात, अंडकोष लहान होतात. रक्त दाट होतं. आणि वर ताईंनी लिहिलेलं ॲरोमाटेज आठवा: जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन बनतं आणि छातीवर गाठी येतात. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून आलेल्या तरुणांत ही इंजेक्शनं घेतलेली मुलं मी पाहतो. घरी सांगितलेलं नसतं. तुम्ही विचारलंत, फार बरं केलंत.

तालीम_ते_जिम

नाही घेत सर. अजून दोघांना सांगतो.

वैजू_येळ्ळूर

छान चाललाय धागा, वाचतेय. एक विचारते: सरकारी दवाखान्यात मूल राहू नये म्हणून तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन देतात, त्यानं वजन वाढतं का?

डॉ_मलप्रभा

काही जणींचं वाढतं, हे खरं आहे. त्याच कामाच्या रोजच्या मिश्र हार्मोन गोळ्यांनी फार वाढतं असं मात्र सिद्ध झालेलं नाही. पहिल्या सहा महिन्यांत वजन भराभर चढलं तर दुसरा उपाय विचारा. मनाने मध्येच बंद करून जोखीम घेऊ नका.

सुनंदा_चिकोडी

अक्का, तुम्ही पाळी जाण्याबद्दल लिहिलंत. पण आमच्या भागात किती जणींची पाळी आपसूक जाते? माझी गर्भपिशवी 34 व्या वर्षी काढली. अंगावरून जास्त जात होतं म्हणून दाखवायला गेले, आणि "काढून टाका, कटकट मिटेल" म्हणाले. डॉक्टर कन्नडमधून बोलत होते, मला निम्मं कळलं, सही नवऱ्याने केली. त्यानंतर दोन वर्षांत पोट आलं, शुगर आली, रात्री घाम फुटून जाग यायची. घरात सगळे म्हणाले बसून खाते. मी उसाच्या रानात भांगलणीला जात होते तेव्हा.

शाल्मली_शहापूर

सुनंदा, तू हे लिहिलंस हे फार महत्त्वाचं आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची चर्चा 2019 मध्ये महाराष्ट्रभर झाली. आपला जिल्हाही उसाचाच, पण इकडच्या बायकांबद्दल कोणी बोलताना मी ऐकलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं मूळ एका गोष्टीत आहे: नुसती पिशवी काढली की अंडाशयही काढले? इस्ट्रोजेन अंडाशयात बनतं, पिशवीत बनत नाही. अंडाशय राहिले असतील तर पाळी थांबते पण हार्मोन चालू राहतं, जरी ते सरासरीने काही वर्षं लवकर ओसरतं. दोन्ही अंडाशय काढले असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं. 34 व्या वर्षी पन्नाशीचं शरीर वाट्याला येतं.

हे कळायचा सोपा मार्ग म्हणजे ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. ट्रंकेत, पासबुकांच्या पिशवीत, कुठेतरी असेल. त्यावर इंग्रजीत टीएएच, व्हीएच किंवा एलएच अशी अक्षरं असतील: पिशवी काढली, पोटातून, खालून की दुर्बिणीने, एवढाच त्याचा अर्थ. त्यापुढे बीएसओ असं लिहिलेलं असेल तर दोन्ही अंडाशय आणि नळ्याही काढल्या आहेत. घरात शिकलेलं पोर असेल त्याला ही तीन अक्षरं शोधायला सांग. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत अंडाशय दिसतात का ते बघता येतं.

डॉ_मलप्रभा

भर घालतो. इतक्या लहान वयात दोन्ही अंडाशय गेले असतील तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा विचार सर्वसाधारणपणे करतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असं काही पूर्वी झालेलं नसेल तरच. त्याने हाडं जपली जातात, घाम कमी होतो, पोटावर चरबी सरकण्याचा वेगही मंदावतो. वजन कमी करायचं औषध म्हणून मात्र ते घ्यायचं नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञ बघा, आणि या वेळी तुमची भाषा येणारं कोणीतरी सोबत न्या.

अश्विनी_टिळकवाडी

पोटाचा घेर नेमका कुठे मोजायचा? दर वेळी वेगळा आकडा येतो.

शाल्मली_शहापूर

साडी नेसणाऱ्या बायका परकराच्या नाडीच्या वळावर टेप लावतात. तिथे वर्षानुवर्षांची खाच पडलेली असते, आकडा कमी येतो. शेवटची बरगडी बोटाने चाचपायची, खाली कमरेच्या हाडाचं वरचं टोक चाचपायचं, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी ठेवायची. श्वास सोडून झाल्यावर वाचायचं, पोट आत ओढायचं नाही. शिंप्याची टेप चालते. भारतीयांसाठी बाईला 80 सेंमी आणि पुरुषाला 90 सेंमी ही हद्द धरतात, म्हणजे साधारण साडेएकतीस आणि साडेपस्तीस इंच.

नुसत्या वजनावर विसंबू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. आपली माणसं बारीक दिसतात आणि आत चरबी बाळगून असतात.

पंचेचाळिशीनंतर चालण्याबरोबर वजन उचलण्याचा व्यायाम धरा, दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन केला तरी चालेल. भाताचा एक वाढप कमी करून त्या जागी मटकी, अंडं किंवा ताक घ्या. हार्मोन घटल्यावर स्नायू आपोआप टिकत नाहीत, ते मुद्दाम टिकवावे लागतात.

सुनंदा_चिकोडी

अक्का, कार्ड मिळालं. पोरानं वाचलं. टीएएच आहे, आणि पुढे बीएसओ पण आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

शाल्मली_शहापूर

सुनंदा, खाजगी निरोप पाठवलाय, माझा नंबर त्यात आहे. सोमवारी बेळगावला ये, मी सोबत येते, मला कन्नड येतं. रिकाम्या पोटी ये म्हणजे शुगर आणि लिपिड त्याच दिवशी होईल. हाडांची तपासणीही विचारून घेऊ. कार्डाची झेरॉक्स काढ, मूळ प्रत कोणाला देऊ नकोस.